कमी बजेटमध्ये गेमिंग पीसी: पैसे कुठे घालायचे आणि कुठे हात आखडायचा नाही

मे २०२५ ची गोष्ट. माझा भाचा बारावीची परीक्षा आटपून सुट्टीत आमच्याकडे इंदूरला, राजेंद्रनगरला राहायला आला आणि आल्या आल्या म्हणाला, मामा, ६० हजार जमलेत, आजोबांचे २० आणि बाकी माझे, मॉनिटरसकट सगळं ह्यातच बसवायचंय, आणि ही बघ, एका दुकानातून कोटेशन पण आणलंय. चिठ्ठीवर लिहिलेलं: आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, ४ जीबी ग्राफिक्स, ५०० वॉट एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), आरजीबी (रंगीत लाइटवालं) कॅबिनेट, २२ इंची मॉनिटर, आणि खाली रेघ मारून ४२ हजार. म्हणजे १८ हजार उरत होते. पोरगं खूश.

पण त्या अख्ख्या चिठ्ठीत एकाही वस्तूचं पूर्ण नाव नव्हतं. मी दुकानात फोन लावला तर समोरचा म्हणाला, "भिया, आय-सेवन है, सब चलेगा." कुठल्या जनरेशनचा, हे तीनदा विचारल्यावर कळलं की आय-७ २६००, म्हणजे २०११ चा प्रोसेसर, कुठल्यातरी ऑफिसच्या जुन्या मशीनमधून काढलेला, आणि तो एच६१ च्या नव्याकोऱ्या मदरबोर्डवर बसवून मिळणार. कार्ड कुठलं, तर जीटी ७३०, जे २०१४ चं आहे आणि तेव्हाही गेमिंगसाठी नव्हतं, नुसतं डिस्प्ले यावा म्हणून होतं. त्यावर ४ जीबी लिहिलेलं असलं तरी कार्डाची ताकद त्या आकड्यात नसते, त्यावर बसवलेल्या चिपमध्ये असते. २०२२ चा साधा आय-३ १२१०० त्या आय-७ ला सहज मागे टाकतो. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला इंटेलचा ८ व्या जनरेशनचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (बोर्डवरची सुरक्षेची सोय) लागतं, व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (मशीन चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर उघडू देणारी सेटिंग) चालू नसेल तर उघडतच नाही, म्हणजे ज्या खेळासाठी पोरगं मशीन घेणार तोच त्यावर अडकणार.

पोरं वर्षभर पोटाला चिमटा काढून पैसे साठवतात आणि ते असे एका दुपारी जातात, हे मला खरंच बघवत नाही, म्हणून आम्ही तेव्हा जे जे केलं ते क्रमाने आणि सविस्तर लिहितोय. एक नियम आधीच सांगतो, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हा ठेवा: चिठ्ठीवर पूर्ण मॉडेल नंबर लिहिलेला नसेल तर ती वस्तू घ्यायची नाही.

आधी खेळ आणि मॉनिटर, मग बाकीचं

जवळपास सगळे प्रोसेसरपासून सुरुवात करतात, तिथेच गाडी चुकते. आधी कागदावर लिहा की काय खेळणार. व्हॅलोरंट, सीएस-२ सारखे खेळ असतील तर त्यांना प्रोसेसर जास्त लागतो आणि कार्ड मध्यम चालतं, पण ओपन वर्ल्डचे मोठे, गोष्टीवाले खेळ असतील तर सगळा भार कार्डावर येतो. भाच्याचं दोन्ही होतं, रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट आणि एकटा असला की रेड डेड रिडेम्प्शन २.

मग मॉनिटर. कमी बजेटमध्ये १९२० बाय १०८०, म्हणजे फुल एचडीच घ्या, १४४०पी (२५६० बाय १४४०) च्या मोहात पडू नका कारण तिथे पिक्सेल पावणेदोन पटीहून जास्त होतात आणि तेवढं ओढायला कार्ड पण वरचं लागतं. २४ इंच, आयपीएस पॅनल, आणि रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं ते) १०० हर्ट्झ किंवा त्याच्या वर मिळत असेल तर उत्तम. स्पर्धेचे खेळ खेळणाऱ्याला ६० आणि १४४ मधला फरक पहिल्याच मिनिटाला कळतो. घरात जुना मॉनिटर चालू असेल तर सहा महिने तोच वापरा आणि ते पैसे कार्डात टाका, हा सल्ला मी सगळ्यांना देतो कारण मॉनिटर नंतर बदलणं सगळ्यात सोपं आहे.

कार्ड, इथेच खरा पैसा

ढोबळ मानाने नुसत्या टॉवरवर, म्हणजे मॉनिटर सोडून बाकी मशीनवर, जेवढे पैसे लावणार त्यातले ३५ ते ४० टक्के ग्राफिक्स कार्डावर गेले पाहिजेत. चिठ्ठीत प्रोसेसर आणि बोर्ड मिळून कार्डापेक्षा बरेच महाग दिसत असतील तर नाकापेक्षा मोती जड झालाय असं समजा.

आम्ही घेतलं ते आरएक्स ६६००. ऑक्टोबर २०२१ चं कार्ड, ८ जीबी मेमरी, १३२ वॉट, एकच ८ पिनचा कनेक्टर, फुल एचडीला बहुतेक खेळ मीडियम-हाय सेटिंगवर व्यवस्थित. जुनं वाटतं, पण एक गोष्ट लक्षात घ्या, आता असे खेळ यायला लागलेत जे हार्डवेअर रे ट्रेसिंग (उजेड-सावलीचा हिशेब चिपमध्येच करायची सोय) नसलेल्या कार्डावर चालूच होत नाहीत, डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्सवाला आणि मे २०२५ चा डूम दोन्ही तसेच. आरएक्स ६६०० मध्ये ते आहे. आरएक्स ५८० किंवा जीटीएक्स १६६० मध्ये नाही, म्हणून ती सेकंडहँड कितीही स्वस्त दिसली तरी आता विचार करूनच घ्या.

बजेट थोडं वर असेल तर आरटीएक्स ४०६० किंवा ५०६०, आरएक्स ७६००, आणि त्याही वर गेलात तर आरएक्स ९०६० एक्सटी चं १६ जीबीवालं. इंटेलचं आर्क बी५८० हे १२ जीबीचं आहे आणि त्या मानाने स्वस्त, पण त्याला बोर्डमध्ये रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू असणं जरुरीचं आहे, नाहीतर परफॉर्मन्स पार घसरतो, आणि जुन्या, हळू प्रोसेसरबरोबर ते कार्ड आपली पूर्ण ताकद दाखवत नाही. म्हणजे जुन्या मशीनमध्ये नुसतं कार्ड बदलायचं असेल तर बी५८० नको, नवीन बनवत असाल तर जरूर बघा.

आता नावांचा घोळ, जो मुद्दाम समजून घ्यावा लागतो. आरटीएक्स ३०५० नावाची दोन कार्डं बाजारात आहेत, एक ८ जीबी आणि एक ६ जीबी. लोकांना वाटतं नुसती मेमरी २ जीबी कमी आहे. तसं नाहीये, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीवाल्याची चिपच कापलेली आहे, मेमरी बस (चिपपासून मेमरीपर्यंतचा रस्ता) ९६ बिटची आहे आणि ते ७० वॉटमध्ये चालतं. त्याचा एक फायदा खरा आहे की त्याला बहुतेक वेळा वेगळी पॉवर केबल लागत नाही, म्हणून ऑफिसच्या ब्रँडेड जुन्या मशीनमध्ये, जिथे एसएमपीएस बदलता येत नाही, तिथे ते बसतं. नवीन मशीनसाठी मात्र नको. तसंच आरएक्स ६५०० एक्सटी, ४ जीबी आणि पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्डमधल्या रस्त्याच्या) फक्त ४ लेन, जुन्या पीसीआयई ३.० बोर्डवर ते अजूनच अडखळतं. ४ जीबीची कार्डं आता सोडूनच द्या, नवीन खेळात टेक्स्चर भरायला जागाच उरत नाही आणि चालता चालता चित्र झटके खातं.

आणि कार्डच घ्यायचे पैसे नसतील तर? तर मग रायझन ५ ५६००जी सारखा आत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या, व्हॅलोरंट आणि जीटीए ५ सारखे खेळ सेटिंग कमी करून चालतील, आणि वर्ष-दीड वर्षाने कार्ड जोडा. फालतू कार्ड आज घेऊन ते वर्षभरात भंगारात काढण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी बरा.

प्रोसेसर आणि बोर्ड

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. कमी बजेटमध्ये दोनच नावं पुरतात, इंटेलचा आय-५ १२४००एफ आणि एएमडीचा रायझन ५ ५६००, दोन्ही ६ कोर १२ थ्रेड (म्हणजे एका वेळी १२ कामं), दोघांच्या डब्यात कूलर येतो आणि तो पुरतो. अजून खाली जायचं तर आय-३ १२१००एफ, ४ कोर ८ थ्रेड. नावाच्या शेवटी एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, कार्ड काढलं तर स्क्रीन काळी, हे लक्षात ठेवा. रायझन ५ ५५०० आणि ५६०० ह्यांच्यात एकच अंक मागेपुढे दिसतो पण ५५०० मध्ये एल-३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) निम्मी आहे, ३२ ऐवजी १६ एमबी, आणि पीसीआयई ३.० आहे, त्यामुळे किंमतीत चांगला फरक पडत असेल तरच ५५०० घ्या.

मुलं विचारतात की एएम५ (एएमडीचं नवं सॉकेट, म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) का नको, त्यात पुढे अपग्रेड होतं. बरोबर आहे, एएमडीचं जुनं एएम४ आणि इंटेलचं एलजीए१७०० दोन्ही आता शेवटच्या वळणावर आहेत आणि एएम५ ला एएमडीने २०२७ पर्यंत आणि पुढेही सपोर्ट सांगितलाय. पण एएम५ ला डीडीआर५ ही नवी रॅमच लागते आणि बोर्डही महाग, तो फरक शेवटी कार्डातून कापला जातो. आज कार्ड एक पायरी खाली आणून पाच वर्षांनंतरच्या प्रोसेसरची सोय करणं मला पटत नाही. ८०-९० हजारांच्या वर बजेट असेल तर मात्र रायझन ५ ७६०० आणि एएम५ च घ्या, तिथे ते शोभतं.

बोर्ड एच६१० किंवा बी७६०, एएमडीला बी५५०. १२४००एफ ला चांगल्या कंपनीचं एच६१० पुरतं, त्यावर डीडीआर४ ३२०० ला आरामात चालते. फक्त दोन गोष्टी दुकानात डबा उघडून बघा, एसएसडीसाठी एम.२ चा स्लॉट आहे ना, आणि इंटेलचा बोर्ड असेल तर सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण काढून आतल्या पिना सरळ आहेत ना. सतराशे पिना असतात, तिरक्या उजेडात धरलं की एखादी वाकलेली लगेच वेगळी चमकते. हे काउंटरवरच बघायचं, फोटो काढून ठेवायचा, घरी आल्यावर दिसलं तर कोणी ऐकून घेत नाही.

रॅम, एक नाही दोन

१६ जीबी घ्यायची असेल तर ८-८ च्या दोन घ्या. एकच १६ ची लावली तर प्रोसेसर आणि रॅममधला रस्ता एकेरी राहतो, दोन लावल्या की दुहेरी होतो, ह्यालाच ड्युअल चॅनल म्हणतात. भाच्याच्या मशीनमध्ये दुकानदाराने आधी एकच १६ ची लावून दिली होती कारण पुढे अजून एक लावता येईल असा त्याचा हिशेब, आणि घरी रेड डेडमध्ये सेंट डेनिस शहरात घोडा शिरला की चित्र अडखळायला लागलं. दुसऱ्या दिवशी जाऊन ८-८ ची जोडी बदलून आणली, तोच घोडा, तोच रस्ता, आणि अडखळणं गेलं, भाचा दोनदा त्याच गल्लीतून फिरवून बघत होता. ५६००जी सारख्या आत ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरमध्ये तर हा फरक अजून मोठा, कारण तिथे ग्राफिक्स पण रॅमच वापरतं. बोर्डला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लावायच्या.

एक वाईट बातमी अशी की २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव खूप चढलेत, एआयच्या सर्व्हरसाठी सगळी मेमरी तिकडे जातेय म्हणून, आणि एसएसडीवर पण त्याची झळ आहे. म्हणून आम्ही तेव्हा जे ६० हजारांत बसवलं ते आज तेवढ्यात बसेलच असं नाही. अशा वेळी मी काय करीन सांगतो, डीडीआर४ वाला प्लॅटफॉर्म धरीन, आणि घरात किंवा ओळखीत जुन्या डीडीआर४ च्या चालू स्टिक असतील तर त्या आधी मागून घेईन. रॅम सेकंडहँड घेण्यात फारशी भीती नसते.

एसएसडीबद्दल थोडक्यात: हार्ड डिस्कवर आता गेम टाकायचा नाही, एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डच्या एम.२ स्लॉटमध्ये बसणारी) घ्या, जेन ३ आणि जेन ४ (जुनी आणि नवी पिढी) मध्ये खेळताना फरक जाणवत नाही तेव्हा स्वस्त मिळेल ती, पण नावाजलेल्या कंपनीची. ५०० जीबी पटकन भरते, एकटा रेड डेड २ च १५० जीबी मागतो, जमलं तर १ टीबीच घ्या. २ टीबीची एसएसडी हजार-पंधराशेला कुठे दिसली तर ती खोटी आहे, हात लावू नका.

एसएमपीएस, ज्यावर सगळे पैसे वाचवतात

आता सगळ्यात महत्त्वाचं. तीन वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या मशीनमध्ये कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस होता, वर ठळक अक्षरात ५०० वॉट लिहिलेला. मे महिन्याची दुपार, लाइट गेली, आली, परत गेली, परत आली, आणि टॉवरमधून फट् असा आवाज आला आणि खोलीभर जळक्या मासळीसारखा वास. मागच्या जाळीतून टॉर्च मारून बघितलं तर आतल्या एका कपॅसिटरचं डोकं फुगून फाटलेलं आणि आजूबाजूला तपकिरी चिकट काहीतरी पसरलेलं. एसएमपीएस गेलाच, बरोबर मदरबोर्ड घेऊन गेला. नवीन आणला तेव्हा सहज म्हणून दोन्ही स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवले, जुना ७०० ग्रॅमच्या आसपास आणि नवा दीड किलोच्या वर. त्या वजनात तांबं असतं, हीटसिंक असतो, इनपुटचा फिल्टर असतो, जे सगळं स्वस्तवाल्यात गाळलेलं असतं. तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय. आणि एक, एसएमपीएस कधीही उघडू नका, बंद करून प्लग काढला तरी आतले कपॅसिटर चार्ज धरून ठेवतात.

घेताना काय बघायचं ते असं. स्टिकरवर एक तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर आहेत ते वाचा आणि त्याला १२ ने गुणा, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. चांगल्या ४५० वॉटच्या युनिटवर ३६ अँपिअरच्या जवळपास लिहिलेलं असतं, ३६ गुणिले १२ म्हणजे ४३२ वॉट, हिशेब जुळला. ५०० वॉट लिहिलेल्या लोकलवर १४ अँपिअर दिसले तर ते खरे १६८ वॉट. आता आपला खर्च मोजा, आरएक्स ६६०० चे १३२, १२४००एफ पूर्ण जोरात ११७ पर्यंत जातो, बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून ४०-५० धरा, म्हणजे ३०० च्या आत. ४५० वॉट चांगल्या कंपनीचा पुरतो, ५५० घेतला तर पुढच्या कार्डाची पण सोय. ८० प्लस ब्राँझ असेल तर बरं, पण ८० प्लस हे वीज किती वाया जाते त्याचं सर्टिफिकेट आहे, सुरक्षिततेचं नाही, म्हणून कंपनीने वॉरंटी किती वर्षांची दिलीय ते पण बघा. ३ वर्षांच्या खाली असेल तर मी घेत नाही, ५ असेल तर निश्चिंत.

केबल पण बघा. कार्डासाठी ६ अधिक २ पिनची केबल थेट एसएमपीएसमधून यायला हवी. काही दुकानदार साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) केबलवरून ८ पिन करणारा कन्व्हर्टर गळ्यात मारतात, साटाच्या त्या छोट्या कनेक्टरला १२ व्होल्टवर फार तर ५४ वॉट झेपतात आणि ८ पिनमधून १५० वॉट जाऊ शकतात, तो वितळतो, आगसुद्धा लागू शकते. कन्व्हर्टर लावावा लागत असेल तर एसएमपीएसच चुकीचा आहे.

अर्थिंग, यूपीएस आणि आपला उन्हाळा

जुन्या वाड्यांत, चाळीत, भाड्याच्या खोलीत बऱ्याच वेळा तीन पिनचं सॉकेट असतं पण मागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. कॅबिनेटच्या स्क्रूला उघडा हात लागला आणि मुंग्या आल्यासारखं झणझणलं तर ते मशीनचा दोष समजू नका, अर्थिंग नाहीये. इलेक्ट्रिशियनला बोलवून आधी ते करून घ्या, रबरी चप्पल घालून बसणं हा उपाय नाही.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॉट एक नसतात. ६०० व्हीएच्या यूपीएसवर बारीक अक्षरात साधारण ३६० वॉट लिहिलेलं असतं, वरच्या मशीनला मॉनिटरसकट ते काठावर बसतं आणि गेम सेव्ह करून बंद करण्यापुरती दोन-चार मिनिटं मिळतात. थोडे पैसे घालून १००० व्हीएचा घेता आला तर घ्या. पैसेच नसतील तर यूपीएस नंतर घ्या, पण एसएमपीएस चांगला असू द्या.

कॅबिनेट बघताना समोरून जाळी पाहिजे, काच नको. मे महिन्यात इंदूरला पारा ४० च्या वर जातो आणि खोलीतली हवाच तापलेली असते, समोर बंद काच आणि मागे रंगीत पंखे असलेल्या डब्यात ती हवा घुसमटते. पुढून दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागून एक बाहेर टाकणारा एवढं पुरतं, लाइटचे पैसे नंतर. आणि टॉवर टेबलाच्या त्या लाकडी कप्प्यात ढकलू नका जो पुढून उघडा आणि मागून बंद असतो. जमिनीवर ठेवत असाल तर खाली पाट ठेवा, धूळ कमी जाते.

बाजारात जाताना

आम्ही आरएनटी मार्गवरच्या सिल्व्हर मॉलला गेलो, एकाच दिवसात नाही, दोनदा. पहिल्या फेरीत काहीही घ्यायचं नाही, आपली यादी पूर्ण मॉडेल नंबरसकट कागदावर न्यायची आणि तीन-चार दुकानांत तोच कागद दाखवून भाव लिहून घ्यायचे. रात्री घरी बसून ऑनलाइन भावाशी ताडून बघायचं. दोन-तीनशेचा फरक असेल तर मी दुकानातूनच घेतो कारण काही बिघडलं तर समोर माणूस असतो. दुसऱ्या फेरीत सकाळी पोहे खाऊन निघा आणि दुकान उघडल्या उघडल्या पोहोचा, गर्दी नसताना डबे उघडून बघू देतात, संध्याकाळी नाही देत.

दुकानदार म्हणेल, हे मॉडेल नाहीये, सेम टू सेम दुसरं देतो. तिथे थांबा. नवीन मॉडेल नंबर मोबाइलवर शोधा, पाच मिनिटं लागतात, कोणी घाई करत असेल तर नंतर येतो म्हणा.

बिल पक्कंच घ्या, १८ टक्के जीएसटीसकट. कच्च्या चिठ्ठीवर थोडे कमी होतात खरे, पण वॉरंटीच्या वेळी कंपनी बिल मागते आणि तेव्हा ती चिठ्ठी कामाची नसते. प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या आणि डब्यावरच्या नंबरशी तिथेच ताडून बघा.

सेकंडहँड कार्ड घेत असाल तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्याच मशीनमध्ये चालू असताना बघा. जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर असतं, ते पेन ड्राइव्हवर न्या, कार्ड नकली असेल तर बऱ्याचदा ते सरळ फेक असं दाखवतं, आणि चिपमधल्या शेडरची (चित्र काढणाऱ्या छोट्या कोरची) संख्या पण सांगतं. आरएक्स ५८० मध्ये २३०४ असायला हवेत, बाजारात २०४८ वालं कापलेलं कार्ड त्याच नावाने फिरतं. मग अर्धा तास एखादा जड गेम किंवा फरमार्क (कार्डावर पूर्ण जोर टाकणारं सॉफ्टवेअर) लावून बसा, चहा घ्या, पंख्याचा आवाज ऐका, स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा रेघा येतात का बघा. विकणारा अर्धा तास द्यायला तयार नसेल तर उठून या.

मशीन घरी आल्यावर पहिल्या दिवशी

मॉनिटरची केबल मागे कार्डाच्या आडव्या पोर्टमध्ये लावायची, वरच्या मदरबोर्डच्या पोर्टमध्ये नाही. एफवाल्या प्रोसेसरला तिथे लावलं तर काहीच दिसणार नाही, पण ५६००जी सारख्याला दिसेल आणि कार्ड नुसतं बसून राहील, कित्येक जण महिनोन्महिने तसेच खेळतात. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या, बोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण स्पीड देणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर बऱ्याच रॅम ३२०० च्या असूनही २४०० किंवा २६६६ वरच चालतात. तिथेच टीपीएम, सिक्युअर बूट आणि रीसाइझेबल बार बघून घ्या. विंडोज आलं की डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट स्वतः बदलावा लागतो, १४४ चा मॉनिटर घेऊन ६० वर वापरणारे मी खूप पाहिलेत. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर रॅमचा स्पीड आणि किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं, दोन मिनिटांत खात्री होते.

पहिले आठ दिवस भरपूर खेळा. खरंच, कारण सदोष वस्तू बहुतेक सुरुवातीलाच बोलते, आणि पहिल्या आठवड्यात दुकानदार बदलून देतो, नंतर सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या सुरू होतात. आणि खोके फेकू नका, आतले फोम आणि काळ्या पिशव्यांसकट सगळे एका मोठ्या खोक्यात घालून, बिलाची झेरॉक्स वरून चिकटवून माळ्यावर ठेवा आणि दिवाळीच्या साफसफाईच्या आधी आईला सांगून ठेवा की हे तीन वर्षं हलवायचं नाही.